रिकामा श्री

आमच्या हॉस्पिटलात सकाळी आठला दोन रांगा लागायच्या. एक माणसांची, केसपेपरच्या चार खिडक्यांपुढे. दुसरी फायलींची, भिंतीतल्या वायरीत. माणसांची रांग निदान शिव्या तरी घालायची. फायलींची रांग गपगुमान उभी असायची, आणि तिच्यामुळेच माणसांची रांग सरकत नाही हे वर्षानुवर्षं कोणाला कळलं नाही. कळायला पाहिजे असा तिथे एकच माणूस होता, तो म्हणजे मी.

हॉस्पिटल घाटकोपरचं, एका ट्रस्टचं. मी तिथला कॉम्प्युटर विभाग. विभागात नव्हे, विभागच. दुसरं कोणी नाही. प्रिंटरमध्ये कागद अडकला की मी, एक्स-रेवाल्यांचा माउस हलेना की मी, मोठ्या डॉक्टरांना नातवाचे फोटो मोबाइलमधून बाहेर काढून पाहिजेत की मीच. सर्व्हर ठेवलाय तो पूर्वी चादरींना इस्त्री करायच्या खोलीत. केसपेपरचा प्रोग्राम त्या सर्व्हरवर. खिडक्यांवरच्या मशीनवर नुसतं त्याचं चित्र. चित्रावर टिचकी मारली की प्रोग्राम वायरीतून तुकड्यातुकड्याने येणार, सहाशेच्या वर छोट्या छोट्या फायली, आणि सगळ्या पोचल्या की पडदा उघडणार. प्रत्येक मशीनवर वेगळा प्रोग्राम ठेवायला कंपनीचं लायसन नव्हतं हे खरं. पण अपडेट एकाच ठिकाणी करावा लागेल, चार खिडक्या फिरायला नकोत, ही थोर कल्पनाही माझीच. आळशी माणसाला कल्पना फार थोर सुचतात.

चौथ्या खिडकीवर ताई बसायच्या. त्यांना मावशी म्हणायची सोय नव्हती. हॉस्पिटलात मावशी म्हणजे आयाबाई. म्हणून ताई, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या असल्या तरी. राहायला विक्रोळीला. वडील जालन्याकडून आले, कारखान्यात चिकटले आणि तिथलेच झाले. ताई केसपेपरवर एकोणीस वर्षं. आधी रजिस्टरात हाताने लिहायच्या, मग कीबोर्ड आला तर कीबोर्ड. आडनाव एकदा ऐकलं की पुन्हा विचारायच्या नाहीत. नोकरी मात्र वर्षावर्षाच्या करारावर. दोन वर्षांनी साठ पूर्ण होणार होती. "तोवर बसते. मग मी स्वतः उठेन," असं त्या म्हणायच्या. "कोणी उठवलं म्हणून नाही उठायची."

गेल्या वर्षी ट्रस्टने नवीन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आणला. साहेब आधी मॉल सांभाळायचे. आल्या आल्या त्यांनी पेशंटना 'व्हिजिटर' म्हणायला सुरुवात केली. जुलाबाने बेजार झालेल्या माणसाला व्हिजिटर म्हटलं की त्याला बरं वाटत असावं. मग साहेब मोबाइलचं स्टॉपवॉच लावून खिडक्यांच्या मागे उभे राहायला लागले. पहिल्या खिडकीत एक पेशंट दोन मिनिटांत सुटतो, चौथीत सहा मिनिटं. दोन आणि सहा. गणित एवढं सोपं आलं की साहेबांनी पुढे विचार करायची तसदीच घेतली नाही. ताईंना मेमो गेला. विषय: कामातील संथपणा. करार पुढे चालू ठेवायचा की नाही ते महिनाअखेरच्या शुक्रवारी कमिटी ठरवणार. त्याच मीटिंगला मी प्रोग्रामच्या स्पीडवर रिपोर्ट द्यायचा, असंही फर्मान निघालं.

ताई मेमो घेऊन माझ्या खोलीत आल्या. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत.

"वाच."

मी वाचला.

"मी हळू आहे का रे?"

"छे हो ताई. प्रोग्रामच उघडत नाही, तर तुम्ही काय करणार?"

"मग हे त्यांना सांग. तोंडी नको. मी बोलले तर बाई भांडते म्हणतात, तू बोललास तर बाईची बाजू घेतो म्हणतात. रिपोर्ट लिहिणारेस ना? त्यात माझ्याबद्दल एक ओळ लिही. एकच. जास्त नको."

"लिहितो ना," मी म्हटलं. म्हणायला काय जातं? माझं आख्खं करिअर 'करतो ना' आणि 'बघतो ना' या दोन वाक्यांवर उभं आहे.

मग मी कामाला लागलो. म्हणजे प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, "सर, एकदा रिस्टार्ट करून बघा." केलं. "आता पुन्हा एकदा." तेही केलं. तिसऱ्यांदा त्याने सांगायच्या आधीच मी फोन ठेवला. सर्व्हरची मेमरी वाढवली. सगळ्या वायरी जोडायचा नवीन स्विच बसवला. त्याचे हिरवे दिवे असे झकास लुकलुकायचे की बघत बसावं. चौथ्या खिडकीवर प्रोग्राम उघडायला तरी नऊ मिनिटं लागायची ती लागायचीच. बरं, एकदा उघडला म्हणजे सुटलात असंही नाही. नवीन पेशंटचा पडदा वेगळा, जुन्याचा वेगळा, पावतीचा वेगळा, आणि प्रत्येक पडदा आपले तुकडे पुन्हा सर्व्हरवरून मागवायचा. तोवर खिडकीपलीकडचा माणूस ताईंकडे बघायचा. वायरीकडे कोण बघणार?

शेवटी, जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं, ते पाचव्या दिवशी केलं. मशीन सर्व्हरला काय काय विचारतं ते ओळीने उतरवून घेणारी एक सोय असते, ती चौथ्या खिडकीवर लावली आणि प्रोग्राम चालू केला. पडद्यावर ओळी पळायला लागल्या. पावतीची फाइल 'श्री'मध्ये आहे का? नाही. मग पुढच्या फोल्डरमध्ये? आहे, घे. तारखेची फाइल 'श्री'मध्ये आहे का? नाही. पुढच्यात? आहे, घे. अक्षरांची फाइल 'श्री'मध्ये? नाही. श्री, नाही. श्री, नाही. सहाशे फायली, सहाशे वेळा श्री आणि सहाशे वेळा नाही.

आयला, घोडं पेंड खात होतं ते इथे! पहिली खिडकी सर्व्हरच्या भिंतीला लागून, त्यामुळे तिथे हे 'नाही' चटकन परत यायचं. चौथी खिडकी नवीन इमारतीत, मध्ये एक चौक, दोन जुने स्विचचे डबे आणि तीन ठिकाणी जोडलेली वायर. तिथे 'आहे' लगेच यायचं, प्रत्येक 'नाही' मात्र सगळीकडे खात्री करून रमतगमत यायचं.

मी पडदा घाईघाईने बंद केला. कारण तो श्री तिथे मीच बसवला होता.

सात वर्षांपूर्वी हा प्रोग्राम आला तो दसऱ्याला. सर्व्हरला झेंडूचा हार, वर हळदकुंकू. पंख्याच्या जाळीत एक पाकळी गेली ती मी चिमट्याने काढली होती. ट्रस्टचे तेव्हाचे सेक्रेटरी, म्हणजे आताचे अध्यक्ष, मालवणकडचे. वडील गिरणीत होते, हे स्वतः हिशेबनीस म्हणून निवृत्त झाले. पूजा झाली आणि त्यांनी मला विचारलं, "काय रे झिला, रजिस्टरच्या पयल्या पानार काय लिवतत?"

"श्री."

"मग हेच्यात खंय आसा?"

आता प्रोग्रामला पहिलं पान नसतं. पण त्याच्याकडे एक यादी असते: आपले तुकडे कुठकुठल्या फोल्डरमध्ये शोधायचे, आणि कुठल्या क्रमाने. पहिल्या पानाच्या जवळपास जाणारं तेवढंच होतं. मी एक रिकामं फोल्डर केलं, इंग्रजी अक्षरांत त्याचं नाव श्री ठेवलं आणि यादीत सर्वांत वर लिहिलं. टाळ्या वाजल्या. पेढे वाटले. तेव्हा प्रोग्रामच्या फायली साठ-सत्तर, खिडक्या तीन, सगळ्या एकाच भिंतीला. कोणाचं काही बिघडलं नाही. पुढे कंपनीने अपडेटच्या नावाखाली फायलींना पोरं घातली, ट्रस्टने नवी इमारत बांधली, आणि मी श्रीला विसरलो.

वहीच्या डोक्यावर लिहिलेला श्री कोणी वाचत बसत नाही. नजर त्याच्यावरून खाली सरकते. तो तिथे आहे एवढं पुरतं. मशीनला ही रीत कोण सांगणार? त्याला यादीत श्री दिसला की ते बिचारं खरंच आत जाऊन शोधून यायचं. एवढ्या भाविकपणे आमच्या ट्रस्टमध्ये कोणीच कधी काम केलं नव्हतं.

ओळ खोडली की विषय संपला, असं तुम्ही म्हणाल. पण साहेबांनी मॉलमधून एक फॉर्म आणला होता, बदल-मंजुरीचा. सर्व्हरच्या यादीत काना-मात्रा बदलायची तरी फॉर्म भरायचा आणि अध्यक्षांची सही घ्यायची. मंगळवारी अध्यक्ष आले. मी फॉर्म पुढे केला. त्यांनी चष्मा चढवला, वाचला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी देवळातली घंटा चोरली होती.

"मेल्या, श्री काढतलस?"

"काढत नाही काका, नुसता यादीच्या शेवटी ठेवतो."

"श्री शेवटाक? कागदाच्या तळाक कोण श्री लिवता?"

बराच वेळ ते पेनचं टोपण लावत-काढत बसले. मग आवाज खाली आणून शुद्ध मराठीत म्हणाले, "हे कमिटीत बोलू नकोस. सात वर्षं लोक रांगेत उभे राहिले ते आपल्या श्रीमुळे, असं व्हायला नको." आपल्या! त्या एका शब्दात त्यांनी मलाही बरोबर गुंडाळलं. मीही मान डोलावली. अळीमिळी गुपचिळी. फॉर्म सहीशिवाय परत खिशात.

दुपारी खिडक्या बंद झाल्यावर चौथ्या खिडकीपाशी गेलो. ताई डबा खात होत्या. भाकरीचा तुकडा मला दिला, वर सुक्या बोंबलाची चटणी. काहीतरी बोलायचं म्हणून सांगितलं: एक फोल्डर आहे, रिकामं आहे, मशीन प्रत्येक वेळी आधी तिथे जातं आणि हात हलवत परत येतं.

"म्हणजे रेकॉर्ड रूमचं पहिलं कपाट रिकामं," ताई म्हणाल्या, "आणि मी प्रत्येक पेशंटचा कागद आधी त्यात शोधायचा. मग दुसरं कपाट उघडायचं."

"अगदी तसंच."

"काढून टाक ना ते कपाट."

"काढता येत नाही. ते… श्रीचं आहे."

ताईंनी चावणं थांबवलं. ताई बौद्ध. रजिस्टरं होती तेव्हा इतर सगळे पानावर आधी श्री घालायचे, ताई तारीख घालायच्या आणि कामाला लागायच्या. मला वाटलं, आता आपल्याला दोन शब्द ऐकायला लागणार. पण त्या हसल्या.

"अरे मग कागदच त्या कपाटात ठेव की! श्री रिकामा कशाला ठेवतोस? भर त्याला."

मी भाकरी हातात धरून तसाच उभा राहिलो. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच. सोळा वर्षं ह्या लाइनीत आहे मी, भिंतीवर तीन सर्टिफिकेटं आहेत, आणि मला हे सुचलं नव्हतं. सगळ्या फायली श्रीमध्ये टाकायच्या. यादीला हात लावायचा नाही. पहिल्याच दारात वस्तू मिळाली की मशीन पुढे जाणारच नाही. आणि फॉर्मही नको, कारण श्री भरायचा फॉर्म साहेबांच्या मॉलमध्ये नव्हता.

"कोणी ठेवला होता रे रिकामा?" ताईंनी डब्याचं झाकण लावत विचारलं.

"जुनं आहे ते," मी म्हटलं.

"हं," ताई म्हणाल्या.

अर्ध्या तासात फायली टाकल्या. ताईंनी चित्रावर टिचकी मारली आणि सवयीने पाण्याची बाटली भरायला उठल्या. त्या दारापर्यंत पोचायच्या आत पडदा उघडला. परत येऊन बघतात तर काय, "झालं पण?" पुन्हा बंद केला, पुन्हा उघडला. चार वेळा. लहान मुलीसारख्या हसत होत्या. मला इतका आनंद झाला होता की डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी जे दिसलं ते मी कधी विसरणार नाही. चौथी खिडकी चारही खिडक्यांत सगळ्यात पुढे. पहिल्या खिडकीवरचा पोरगा दोन मिनिटं घ्यायचा, ताई सव्वा मिनिटात माणूस मोकळा करायच्या. मला सात वर्षांत माहीत नव्हतं की त्यांचा हात इतका चालतो. माहीत कसं होणार, आम्ही त्यांना नऊ-नऊ मिनिटं रिकाम्या कपाटासमोर उभं केलं होतं. साडेदहाला चौक रिकामा झाला. साहेब स्टॉपवॉच घेऊन आले आणि मोजायला कोणी नाही म्हणून परत गेले.

आता रिपोर्ट राहिला. गुरुवारी बसलो लिहायला. पहिली ओळ ताईंचीच टाइप केली: चौथ्या खिडकीवरील विलंब प्रोग्राममुळे होता, तेथील कर्मचाऱ्यांचे काम संथ नव्हते. वाचून बघितली. चांगली ओळ होती. खरी होती. पण ती वाचल्यावर कमिटीतला कोणीही पुढे विचारणार: मग चूक कोणाची? आणि ते उत्तर माझ्यापाशी आणि अध्यक्षांपाशीच होतं. मी ती ओळ खोडली. नंतर घालू म्हटलं, दुसऱ्या पानावर, जरा वेगळ्या शब्दांत. मग दुसरं पान आलं आणि मी रंगात आलो. 'फाइल शोधण्याच्या पद्धतीत सुधारणा केली.' केली! जणू ती आधी कोणी परक्याने बिघडवली होती. आधीचे आणि नंतरचे रंगीत खांब काढले, एक लाल उंच, एक हिरवा बुटका. आणि समारोपाला एक फक्कड वाक्य ठोकून दिलं: 'या सुधारणेमुळे यापुढे एक खिडकी पूर्वीच्या दोन खिडक्यांचे काम सहज करू शकेल.' वाक्य मलाच इतकं आवडलं की ताईंची ओळ राहिली ती राहिलीच.

शुक्रवारी कमिटीत मी उभा राहिलो. रंगीत खांब दाखवले. अध्यक्षांनी माझ्याकडे बघून डोळे मिटले, म्हणजे शाब्बास. साहेबांनी शेवटचं वाक्य मोठ्याने वाचलं. मग दुसऱ्यांदा वाचलं, सावकाश, आणि वर बघितलं.

"वंडरफुल. म्हणजे आपल्याला चार खिडक्या लागतच नाहीत. तीनसुद्धा खूप झाल्या. चौथी बंद करू. तसाही त्यांचा करार संपतोयच, आणि मेमो फाइलला आहे."

माझ्या तोंडून, "पण साहेब, चौथी खिडकीच सगळ्यात…" एवढं निघालं. "ते मशीनमुळे, नाही का? तुम्हीच लिहिलंय," साहेब म्हणाले. आणि खरंच, मीच लिहिलं होतं. ताईंबद्दल त्या दोन पानांत एक अक्षर नव्हतं. अध्यक्ष बोलले असते तर ऐकलं गेलं असतं. ते पेनचं टोपण लावत-काढत होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण हात माझा आणि अवलक्षण ताईंचं, हे कुठल्या म्हणीत बसतं मला माहीत नाही. विषय पुढे गेला. कॅन्टीनच्या गॅसचा होता.

सोमवारी सकाळी ताईंना पत्र मिळालं. मी खिडकीच्या मागे जाऊन उभा राहिलो. समोर सात-आठ माणसं होती. ताईंनी हातातला केसपेपर पूर्ण केला, दिला, आणि मागे न बघता म्हणाल्या, "रिपोर्ट दाखव."

मी दिला. त्यांनी पहिलं पान वाचलं, पलटलं, दुसरं वाचलं. लाल खांबावर बोट ठेवलं, मग हिरव्यावर. शेवटच्या वाक्यावर बोट थांबलं.

"ताई, मी लिहिणार होतो, खरंच, पण…"

"त्या दसऱ्याला मी होते तिथे," त्या म्हणाल्या. "पेढा खाल्लेला मी. श्री कोणी ठेवला ते मला माहितीय."

मला वाटलं त्या आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी दोन्ही पानं नीट जुळवली, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली.

"एक ओळ लिही म्हणाले होते ना तुला," त्या म्हणाल्या. "लिहिलीस की रे."

मग खिडकीकडे वळल्या. "चला, पुढचं कोण?"

पडदा लगेच उघडला.